चिलापी खावी का?

तळ्यातले मासे मरून तरंगू लागले की माझ्या दवाखान्यात हा प्रश्न हमखास येतो. मागच्या आठवड्यात तो एका मासेविक्रेत्या मावशींनीच विचारला. गिऱ्हाईक तुटले म्हणून त्या काळजीत होत्या.

चिलापी म्हणजे तिलापिया. तिच्या जीवावर उठलेल्या एका विषाणूचा शोध २०१४ साली इस्राएलमध्ये लागला. तेथे २००९ पासून गालील सरोवरात व मत्स्यतळ्यांत मासे मरत होते. डोळे पांढुरके, अंगावर जखमा. पुढे तोच विषाणू इक्वेडोर, इजिप्त, थायलंड येथे सापडला आणि २०१८ मध्ये आपल्याकडे पश्चिम बंगाल व केरळातूनही त्याची नोंद झाली.

आता विषाणू काही समुद्र पोहून गेला नाही! थायलंडमधील मत्स्यबीज केंद्रांतले २०१२ ते २०१७ मधील नमुने तपासले, तेव्हा अंड्यांत, पिलांत आणि बोटुकलीतही तो आढळला. बीज विमानाने परदेशी जाते, त्याबरोबर रोगही जाऊ शकतो.

त्याची वंशावळ मांडणे मात्र कठीण. फ्लूच्या विषाणूप्रमाणे याचाही वारसा तुकड्यांत विभागलेला आहे, एकूण दहा तुकडे. एकाच माशात दोन वाण शिरले तर पत्ते पिसावेत तशी तुकड्यांची अदलाबदल होते. बांगलादेशातील विषाणूचा अभ्यास २०२० मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात हाच घोळ दिसला. कोणता तुकडा पाहावा त्यावर नाते बदलते. त्यामुळे ‘रोग अमुक देशाने आणला’ असे छातीठोक सांगणाऱ्यांवर मी तरी विश्वास ठेवत नाही.

मावशींना मी सांगितले, हा विषाणू माणसाला झाल्याचा एकही पुरावा नाही. ताजी चिलापी नीट शिजवून खुशाल खावी. कल्ले लाल, डोळे स्वच्छ आणि बोटाने दाबल्यावर मांस पुन्हा वर येणारे, एवढे पाहावे. मरून तरंगणारा मासा मात्र फुकट मिळाला तरी घेऊ नये. तो विषाणूनेच मेला की फवारणीच्या औषधाने, हे डोळ्यांनी कळत नाही. शिवाय मेलेला मासा उन्हात लवकर नासतो.

शेततळेवाल्यांनी बीज कोठले, तपासलेले आहे का, हे विचारूनच घ्यावे. या रोगावर औषध नाही. नवी बोटुकली काही दिवस वेगळ्या टाकीत ठेवावी, आणि मेलेले मासे ओढ्यात न फेकता चुना टाकून खोल पुरावेत.