गाडी बदलताय? आधी वही काढा!

नवी गाडी दारात उभी राहिली की औक्षणाचं ताट कुणाच्या हातात? आपल्या. बॉनेटवर स्वस्तिक कुणी काढायचं, चाकाखाली लिंबू कुणी ठेवायचं, शेजारीपाजारी पेढे कुणी वाटायचे? सगळं आपणच! पण कुठली गाडी घ्यायची, जुनीचं काय करायचं, कर्ज किती वर्षांचं काढायचं, हे सगळं ठरतं बाहेर, चहाच्या टपरीवर. घरी येतो तो फक्त निरोप. ‘अगं, छोटा हत्ती काढून पिकअप घ्यायची म्हणतोय. उद्या फायनान्सवाला येईल. तुझ्या दोन सह्या लागतील.’

मैत्रिणींनो, त्या दोन सह्यांबद्दल आज बोलायचं आहे. आणि सही करण्याआधी विचारायच्या चार प्रश्नांबद्दलही.

छोटा हत्ती म्हणजे टाटा एस. ही गाडी मे २००५ मध्ये बाजारात आली. तोपर्यंत थोडा माल न्यायचा तर तीनचाकी टेम्पो, नाहीतर मोठा ट्रक, असा मामला होता. दोन सिलिंडरचं, सुमारे ७०० सीसीचं डिझेल इंजिन आणि पाऊण टन माल नेणारी ही चारचाकी गल्लीबोळातून सहज फिरायला लागली. कंपनीने नाव ठेवलं ‘एस’, लोकांनी बारसं केलं ‘छोटा हत्ती’! भाजी, दूध, मंडपाचं सामान, किराणा, सगळ्या धंद्यांना तो उपयोगी पडला. कितीतरी घरांत दारात लागलेली पहिली चारचाकी हीच.

मग धंदा वाढतो. पाऊण टन कमी पडायला लागतं. बाजारात इतरही गाड्या आल्या. अशोक लेलँडची दोस्त २०११ मध्ये आली, मारुतीची सुपर कॅरी २०१६ मध्ये. आणि आडवाटेला, घाटात, शेताच्या बांधापर्यंत जाणारी महिंद्राची बोलेरो पिकअप तर गावोगावी दिसतेच. मग घरात वाद सुरू होतो. मामा टाटावाले, दीर महिंद्रावाले! जणू काही पक्षच. खरं तर एका कंपनीचा कारखाना पुण्यात, दुसरीचा नाशकात. दोन्ही आपल्याच. गाडीच्या नाकावरचं चिन्ह हप्ता भरत नाही, हप्ता भरते ती गाडीची कमाई. म्हणून चिन्ह बाजूला ठेवायचं आणि वही काढायची.

पहिला प्रश्न : माल किती?

समजा, टोमॅटोचा धंदा आहे. एका क्रेटमध्ये २० किलो माल आणि क्रेटचं वजन साधारण दोन किलो, म्हणजे २२ किलो. पाऊण टनाच्या गाडीत असे ३४ क्रेट बसतात. १.३ टनाच्या पिकअपमध्ये ५९. ऐकायला छान वाटतं. पण रोज ५९ क्रेट असतात का? की फक्त हंगामातले दोन महिने? बाकीचे दहा महिने अर्धा हौदा रिकामा घेऊन फिरलं तर डिझेल जास्त, टायर महाग आणि हप्ता मोठा. कमाई मात्र तेवढीच.

यासाठी एक सोपा उपाय. साधी दोनशे पानी वही घ्या आणि तीन महिने रोज चार गोष्टी लिहा. आज किती खेपा झाल्या, गाडी भरून गेली की अर्धी, डिझेल कितीचं टाकलं आणि भाडं किती मिळालं. जमलं तर एक महिना हंगामातला आणि एक बिनहंगामी धरा. महिन्यातले वीस दिवस दोन खेपा कराव्या लागत असतील, तर मोठी गाडी घ्यायला हरकत नाही. पाचच दिवस लागत असतील, तर त्या पाच दिवसांपुरती भाड्याची गाडी स्वस्त पडेल. हा हिशेब आपण भिशीचा आणि दुधाचा करतोच की! गाडीचा का नाही करायचा?

आणि ‘छोट्याच गाडीत थोडं जास्त भरतो’ हा मार्ग नको. मोटार वाहन कायद्यात २०१९ मध्ये दुरुस्ती झाली. त्यानुसार जादा माल भरला तर २०,००० रुपये आणि वर प्रत्येक जादा टनामागे २,००० रुपये दंडाची तरतूद आहे. शिवाय पाटे तुटतात, ब्रेक लागत नाहीत, ते वेगळंच. उतारावर ब्रेक लागला नाही तर काय होतं, ते सांगायला नको.

दुसरा प्रश्न : रस्ता कुठला, मेकॅनिक कुठे?

छोट्या हत्तीची चाकं लहान, वळायला जागा कमी लागते. बाजारपेठेच्या अरुंद गल्लीत तो राजा! पिकअप उंच आणि दणकट, खडबडीत रस्त्यावर आणि चढावर बरी. आपली गाडी रोज कुठे जाते, त्यावर ठरवायचं. ब्रँड बदलला की ओळखीचा मेकॅनिकही बदलू शकतो, हेही लक्षात ठेवा. जुन्या गाडीचा आवाज ऐकून रोग सांगणारा माणूस नव्या गाडीपुढे चाचपडू शकतो. नव्या कंपनीचं सर्व्हिस सेंटर आपल्या गावापासून किती किलोमीटरवर आहे? स्पेअर पार्ट तालुक्याला मिळतो, की जिल्ह्याला जावं लागतं? गाडी दोन दिवस उभी राहिली तर दोन दिवसांचं भाडं बुडतं, आणि हप्त्याची तारीख काही पुढे जात नाही.

आणखी एक गोष्ट. गाडीचं स्वतःचं वजन आणि माल मिळून एकूण वजन ३,००० किलोपर्यंत असेल, तर मालवाहू गाडीला परमिट लागत नाही. त्याच्या वर गेलं की लागतं. छोट्या हत्तीला कधी परमिट काढलं नव्हतं, म्हणून मोठ्या पिकअपलाही नको, असं धरून चालू नका. शोरूममध्येच विचारा, ‘एकूण वजन किती, परमिट लागेल का?’ लायसन्सचं मात्र सोपं झालंय. सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठाने नोव्हेंबर २०२४ मध्ये स्पष्ट केलं, की हलक्या वाहनाचं लायसन्स असलेला माणूस ७,५०० किलोच्या आतलं मालवाहू वाहन चालवू शकतो.

तिसरा प्रश्न : व्याज कुठल्या पद्धतीचं?

इथे भल्याभल्यांची फसगत होते. फायनान्सवाला म्हणतो, ‘ताई, बँक दहा टक्के घेते, आम्ही फक्त सात!’ आपल्याला वाटतं, तीन टक्के वाचले. पण त्याचा सात टक्के ‘फ्लॅट’ असतो. म्हणजे कर्ज फिटत आलं तरी व्याज पहिल्या दिवशीच्या पूर्ण रकमेवरच. बँकेचं दहा टक्के घटत्या शिलकेवर असतं. जेवढं उरलं, तेवढ्यावरच व्याज.

सात लाखांचं कर्ज, पाच वर्षं मुदत, असं धरून बघा. दहा टक्के घटत्या शिलकेवर महिन्याचा हप्ता येतो साधारण १४,८७३ रुपये. सात टक्के फ्लॅटने येतो १५,७५०. पाच वर्षांत ‘स्वस्त’ कर्ज ५२ हजारांहून जास्त महाग पडलं! तो सात टक्के फ्लॅट म्हणजे खरं तर घटत्या शिलकेवरचे जवळजवळ साडेबारा टक्के. म्हणून टक्के विचारूच नका. विचारा, ‘हप्ता किती, किती महिने, आणि सगळं मिळून परत किती द्यायचे?’ शेवटचा आकडा त्याला कागदावर लिहून द्यायला सांगा. प्रोसेसिंग फी आणि मुदतीआधी कर्ज फेडलं तर लागणारा आकार, हेही त्याच कागदावर घ्या.

चौथा प्रश्न : माझी सही कशासाठी?

‘नुसती सही आहे गं, नावापुरती.’ हे वाक्य ऐकलं की पेन खाली ठेवा. कागदावर आपण सहकर्जदार आहोत की जामीनदार, ते आधी बघा. सहकर्जदार म्हणजे कर्ज आपलंही. आणि जामीनदार झालो तरी सुटका नाही. १८७२ च्या करार कायद्याप्रमाणे, करारात वेगळं काही लिहिलेलं नसेल तर जामीनदाराची जबाबदारी कर्ज घेणाऱ्याएवढीच असते. हप्ते थकले तर नोटीस आपल्या नावावरही येते. उद्या बचत गटातून किंवा बँकेतून आपल्याला शिलाई मशीनसाठी कर्ज हवं असलं, तर ही थकबाकी आडवी येऊ शकते. सही करायचीच नाही असं मी म्हणत नाही. संसार दोघांचा, कर्जही दोघांचं. पण वाचून सही करा आणि कागदाची एक प्रत आपल्या कपाटात ठेवा. डाऊन पेमेंटसाठी दागिने गहाण टाकायचे असतील, तर ते सोडवण्याची तारीखही त्याच वहीत लिहून ठेवा.

गाडी बायकोच्या नावावर घेतली तर आणखी एक गोष्ट बघायची. विम्यात मालक-चालकासाठी १५ लाखांचं अपघात संरक्षण असतं. पण ते मिळतं गाडी ज्याच्या नावावर आहे त्याला, आणि तेही त्याच्याकडे लायसन्स असेल तरच. गाडी आपल्या नावावर आणि चालवतो नवरा, तर त्याच्या जिवाला हे संरक्षण लागू होत नाही! पॉलिसी घेताना चालकासाठी वेगळं संरक्षण मागून घ्या.

जुनी गाडी गेली, नाव गेलं का?

गाडी बदलण्याच्या गडबडीत सगळ्यांचं लक्ष नव्या गाडीकडे असतं. धोका मात्र जुन्या गाडीत असतो. पैसे हातात आले, चावी दिली, की आपल्याला वाटतं विषय संपला. पण आरटीओच्या दप्तरी नाव कुणाचं आहे?

सुप्रीम कोर्टाचा फेब्रुवारी २०१८ चा एक निकाल प्रत्येक घराने लक्षात ठेवावा असा आहे. एका माणसाने २००७ मध्ये आपली मोटार विकली. पुढे ती हातोहात फिरली. २००९ मध्ये तिच्याखाली सापडून एका मुलाचा जीव गेला. नोंदणी मात्र पहिल्या मालकाच्याच नावावर राहिली होती. कोर्टाने सांगितलं, नोंदणीवर ज्याचं नाव, तोच कायद्याने मालक, आणि नुकसानभरपाईची जबाबदारी त्याचीच. गाडी विकून दोन वर्षं झाली होती, तरी!

तेव्हा जुनी गाडी देताना क्रम असा ठेवा. कर्ज फिटलं असेल तर बँकेचं ना हरकत पत्र आणि ३५ नंबरचा फॉर्म घेऊन आरसीवरचा बोजा उतरवा. मग २९ आणि ३० नंबरचे फॉर्म भरा. राज्यातल्या राज्यात गाडी विकली तर १४ दिवसांच्या आत आरटीओला कळवायचं असतं. शोरूमला एक्स्चेंजमध्ये दिली, तर १ एप्रिल २०२३ पासून अधिकृत डीलरकडून २९-सी या फॉर्मची ऑनलाइन नोंद होते. ती झाल्याची पावती मागा. कोऱ्या फॉर्मवर सही करून देऊ नका. आणि नाव बदललेल्या आरसीची प्रत हातात येईपर्यंत पाठपुरावा सोडू नका.

जुन्या विम्याचा नो क्लेम बोनस मात्र विकू नका! तो गाडीचा नसतो, मालकाचा असतो. अपघाताचा दावा न करता वर्षं गेली असतील, तर त्याच मालकाच्या त्याच प्रकारच्या नव्या गाडीला ही सवलत लावून घेता येते. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या हप्त्यावर ती ५० टक्क्यांपर्यंत असते. विमा कंपनीकडून तसं पत्र घ्या.

आणि वऱ्हाड?

मोठी पिकअप आली की पहिली मागणी कुठून येते? ‘जत्रेला सगळ्या मिळून जाऊ, मागे सतरंजी टाकू!’ सख्यांनो, हा मोह टाळा. माल वाहायच्या गाडीत बसलेल्या अशा प्रवाशांची जबाबदारी विमा कंपनीवर नाही, असं सुप्रीम कोर्टाने डिसेंबर २००२ मध्येच सांगितलंय. आपल्या मालासोबत जाणाऱ्या मालकाची गोष्ट वेगळी. पण हौद्यात दाटीवाटीने बसलेल्या बायका-मुलांचं काही बरंवाईट झालं, तर भरपाई गाडीमालकाच्या घरातून जाते. म्हणजे आपल्याच घरातून. आणि गेलेलं माणूस तर कुठल्याच भरपाईने येत नाही.

एवढं सगळं वाचून ‘नको ती गाडी’ असं वाटलं असेल, तर तसं नाही. योग्य वेळी घेतलेली मोठी गाडी घर वर काढते, आणि वेळ चुकली तर तीच घर विकायला लावते. फरक असतो तो आधी विचारलेल्या प्रश्नांचा. घरच्यांनी विषय काढला की ‘तुम्ही बघा, मला काय कळतंय’ असं म्हणू नका. चहा ठेवा, वही उघडा आणि शेजारी बसा. हिशेब आपल्याला कळतो. रोजच तर करतो!