एकच पेटी, दोन किमती

समजा, आंब्यांची एक पेटी मुंबईहून लंडनला गेली. भारताच्या निर्यातीत तिची किंमत १,००० रुपये नोंदली गेली; ब्रिटनच्या आयातीत मात्र १,४०० रुपयांइतकी. मग खोटे कोण बोलले?

कोणीच नाही! निर्यातीची किंमत धरतात ती माल जहाजात किंवा विमानात चढेपर्यंतची. आयातीच्या किमतीत बहुतेक देश पुढचे भाडे आणि विमाही मिळवतात. तुम्ही डब्यासकट तेल तोलले आणि तुमच्या मित्राने डबा वजा करून तोलले, तर वजने सारखी कशी येतील? तसेच हे.

हे आकडे मिळतात कोठे? भारताच्या व्यापाराचे आकडे वाणिज्य मंत्रालयाचे कोलकात्यातील कार्यालय गोळा करते. बहुतेक देशांचे आकडे संयुक्त राष्ट्रसंघाच्या ‘कॉमट्रेड’ या संग्रहात एकत्र पाहता येतात.

पण शोधायचे कोणत्या नावाने? आंब्याचे नाव भाषेगणिक बदलते. म्हणून १९८८ पासून ‘हार्मोनाइज्ड सिस्टिम’ या पद्धतीत प्रत्येक प्रकारच्या मालाला क्रमांक दिलेला आहे. त्याचे पहिले सहा अंक ही पद्धत पाळणाऱ्या सर्व देशांत सारखे असतात. ताज्या किंवा सुकवलेल्या आंब्याचा क्रमांक आहे ०८०४५०. गंमत अशी, की याच क्रमांकात पेरू आणि मँगोस्टीनही येतात! म्हणजे या क्रमांकापुढचा आकडा निव्वळ आंब्याचा नव्हे. पुढचे अंक प्रत्येक देश आपल्या सोयीने ठरवतो. भारतात एकूण आठ अंक वापरतात.

वर्षाचेही तसेच. आपले आर्थिक वर्ष १ एप्रिलला सुरू होते, तर ‘कॉमट्रेड’मधील वार्षिक आकडे सहसा जानेवारी ते डिसेंबरचे असतात. शिवाय वाटही पाहावी लागते. आपली पेटी दुबईच्या व्यापाऱ्याने घेऊन पुढे लंडनला विकली, तर भारताच्या वहीत ‘संयुक्त अरब अमिराती’ असे लिहिले जाईल आणि ब्रिटनच्या वहीत मूळ देश म्हणून ‘भारत’!

एवढा खटाटोप कशासाठी? काही व्यापारी जकात चुकवण्यासाठी कागदावर मालाची किंमत मुद्दाम कमी दाखवतात. अशी लबाडी हुडकण्यासाठी संशोधक दोन देशांच्या आकड्यांतील फरकच तपासतात. पण भाडे, विमा, क्रमांक, वर्ष आणि वाट यांमुळे पडणारा फरक आधी बाजूला काढला नाही, तर प्रामाणिक माणसावरही चोरीचा आळ येईल. उलट, तो काढूनही मोठा फरक उरला, तर चौकशीला खरी जागा आहे.

भौतिकशास्त्राच्या उत्तरात एकक लिहिले नाही, तर गुण कापले जातात. व्यापाराच्या आकड्यालाही हाच नियम लावा. कोणताही आकडा वहीत उतरवताना त्याच्याशेजारी पाच गोष्टी लिहा: कोणी मोजला, कोणत्या क्रमांकाखाली, कोणत्या वर्षाचा, कोणत्या चलनात आणि भाड्यासह की भाड्याविना. त्या जुळल्या, की मगच दोन आकडे शेजारी ठेवा.