पेढीतील मंद तार : निदान आणि उपाय

पेढीवरील चोपड्यांची जागा संगणकाने घेतल्यास आता बराच काळ लोटला. दुकान, गोदाम व हिशेबाची खोली ही तारेने एकमेकांस जोडलेली असतात. ही तार मंदावली की गिऱ्हाइकाचे बिल अडते, हिशेबाची नक्कल तासन् तास उतरत राहते, आणि दोष बहुधा मुनीमजींच्या नाहीतर जुन्या संगणकाच्या माथी मारला जातो. नवा संगणक येतो. मंदपणा मात्र तसाच राहतो. यास्तव थैली सैल करण्यापूर्वी तारेची दोन्ही टोके तपासून पाहावीत.

'इथरनेट' ही पद्धती १९७३ साली अमेरिकेत झेरॉक्स कंपनीच्या संशोधन-केंद्रात जन्मास आली. आरंभी सर्व यंत्रे एकाच तारेवर असत. एकाने बोलावे, इतरांनी ऐकावे. दोघे एकदम बोलल्यास दोघांनीही थांबून पुन्हा यत्न करावा, असा दंडक होता. यास 'हाफ डुप्लेक्स' म्हणतात. पुढे स्विच आले, आणि दोन्ही दिशांनी एकाच वेळी वाहतूक करणारी 'फुल डुप्लेक्स' पद्धती १९९७ साली मानकात समाविष्ट झाली. पहिली पद्धती म्हणजे अरुंद बोळ, तर दुसरी म्हणजे दुहेरी रस्ता.

यापैकी कोणती पद्धती व किती वेग, हे दोन्ही टोकांनी आपसांत ठरवावे, अशी 'ऑटो-निगोशिएशन'ची सोय १९९५ च्या मानकात झाली. घोटाळा होतो तो येथेच. कोणी एक टोक हाताने '१०० फुल' असे कायम करतो व दुसरे 'ऑटो'वर राहू देतो. कायम केलेले टोक सहसा बोलणीच करीत नाही. दुसऱ्यास वेग ओळखता येतो, पद्धती ओळखता येत नाही; म्हणून नियमानुसार ते 'हाफ' गृहीत धरते. एक गाडीवान रस्ता दुहेरी समजून निघतो, दुसरा बोळ समजून थबकतो.

याची लक्षणे फसवी असतात. दिवा लागतो, 'पिंग'ला उत्तर येते, किरकोळ काम सुरळीत चालते. मोठी फाइल पाठविताच वेग कोसळतो. स्विचच्या व कार्डाच्या नोंदी पाहिल्यास 'हाफ' बाजूस 'लेट कोलिजन' आणि 'फुल' बाजूस 'सीआरसी'च्या चुका वाढत गेलेल्या दिसतात. हे जोडलक्षण आढळल्यास निदान जवळजवळ निश्चित समजावे.

उपाय बिनखर्ची आहे : दोन्ही टोके 'ऑटो'वर ठेवावीत. एखादे जुने यंत्र त्यास दाद देत नसेल, तर दोन्हीकडे एकच वेग व एकच पद्धती हाताने कायम करावी.

जुळणी योग्य असूनही मंदपणा राहिला, तर तार पाहावी. शंभर मेगाबिटांस तारेच्या दोनच जोड्या पुरतात. गिगाबिटास चारही लागतात. एक जोडी तुटल्यास कित्येक यंत्रे निमूटपणे शंभरावर उतरतात. तारेची लांबी १०० मीटरांपेक्षा अधिक नसावी. तपासताना प्रथम तार, मग स्विचचे छिद्र, असा एका वेळी एकच बदल करावा. अन्यथा गुण कशाने आला हे कळत नाही.

मापही ध्यानी असावे. शंभर मेगाबिटांच्या निर्दोष तारेवरून एक गिगाबाइटची नक्कल सुमारे दीड मिनिटात उतरते. त्यास अर्धा तास लागत असेल, तर नवा संगणक मागविण्याआधी दोन्ही टोकांची मांडणी स्वतः पाहावी. सौदा असो वा तार, अटी दोन्ही पक्षी एकच असाव्यात, हे व्यापाऱ्यास निराळे सांगणे नलगे.