दारावरची थाप

मुंबईतील धारावीत जेमतेम अडीच चौरस किलोमीटरांत लाखो माणसे राहतात. गल्ल्या इतक्या अरुंद, की कित्येक घरांत भर दुपारीही दिवा लावावा लागतो. क्षयाच्या जंतूंना अशी कोंदट जागा फार मानवते. रोगी खोकला, की ते हवेत पसरतात व बराच वेळ तेथेच तरंगत राहतात.

रॉबर्ट कॉख या जर्मन शास्त्रज्ञाने हे जंतू १८८२ साली शोधून काढले. आज त्यांवर औषध आहे आणि सरकारी दवाखान्यात ते फुकट मिळते. मग अडते कोठे? दवाखान्यात जायचे म्हणजे मजुराची त्या दिवसाची मजुरी बुडते. शिवाय औषध साधारणपणे सहा महिने घ्यावे लागते. थोड्याच आठवड्यांत खोकला थांबतो, अंगात बळ येते, आणि रोगी गोळ्या सोडून देतो. उरलेले जंतू मग पुन्हा माजतात. कधी कधी तर त्याच औषधाला दाद देईनासे होतात.

म्हणून २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय नागरी आरोग्य अभियानाने शहरांतील गरीब वस्त्यांसाठी २०० ते ५०० घरांमागे एक 'आशा' कार्यकर्ती नेमण्याची योजना आखली. ती त्याच वस्तीत राहणारी असते. कोणाला दोन आठवडे खोकला आहे, हे तिला शेजारणीकडून कळते. पण क्षयाचे नाव निघताच घरमालक खोली सोडावयास सांगेल, मुलीचे लग्न मोडेल, अशी धास्ती घरोघर असते. तेव्हा दारात मोठ्याने बोलून चालत नाही. ती आत येते, टेकते आणि हळूच विचारते, "दादा, आजची गोळी घेतलीत ना?"