वत्सगुल्म ते कारंजा : वऱ्हाडातील प्राच्यविद्येची वाट

मराठी मुलखातील प्राच्यविद्येचा आढावा घेणारे बहुतेक लेखक पुण्याहून निघतात आणि पुण्यातच पोचतात. डेक्कन कॉलेज, रा. गो. भांडारकर, त्यांच्या नावाने १९१७ साली उभी राहिलेली संस्था, महाभारताची चिकित्सक आवृत्ती हा क्रम आता पाठ झाला आहे. त्या कामाची थोरवी कोण नाकारील? पण ही वाट वऱ्हाडातूनही जाते, आणि तिचा सर्वांत मोलाचा टप्पा आजच्या वाशीम जिल्ह्यात आहे, हे कुणी सांगत नाही.

वाशीम म्हटले की जाणकार ‘वत्सगुल्म’ म्हणतात आणि वाकाटकांकडे वळतात. १९३९ साली वाशीमला विंध्यशक्ती दुसरा याचा ताम्रपट सापडला आणि वाकाटकांची एक अख्खी शाखा इतिहासात दाखल झाली. वा. वि. मिराशी यांनी त्या आधारे अजिंठ्याच्या सोळाव्या लेण्यातील वाकाटक मंत्री वराहदेवाचा शिलालेख पुन्हा तपासला आणि पूर्वी चुकीचे वाचले गेलेले नाव या शाखेचा संस्थापक सर्वसेन याचे आहे, हे दाखवून दिले. ताम्रपटातील वंशावळ संस्कृतात आहे आणि दानाचा तपशील प्राकृतात. राजाचे कुळ सांगायला एक भाषा आणि गावाचा व्यवहार मांडायला दुसरी, अशी ही विभागणी चौथ्या शतकातील वऱ्हाडाचे भाषिक चित्रच समोर ठेवते. नंतर हिस्से-बोराळ्याला वाकाटक राजा देवसेनाच्या काळातील, सुदर्शन तलावाचा उल्लेख करणारा शके ३८० चा लेख मिळाला. वाकाटकांच्या कालगणनेला त्याने पक्का खुंटा दिला. एवढे सांगून पुढे जाणे बरे, कारण वाकाटकांवर लिहिणाऱ्यांची वाण कधीच नव्हती.

याच सर्वसेनाने ‘हरिविजय’ हे प्राकृत काव्य रचले. ते आज उपलब्ध नाही. आनंदवर्धन, कुंतक, भोज, हेमचंद्र यांच्यासारखे साहित्यशास्त्रकार त्याची दखल घेतात, म्हणून ते होते हे आपल्याला कळते. राजशेखराने ‘काव्यमीमांसे’त काव्यपुरुष आणि साहित्यविद्या यांचे लग्न लावले, तेही वत्सगुल्मातच. व्ही. एम. कुलकर्णी यांनी अलंकारग्रंथांत विखुरलेली, लेखकूंच्या हातून मोडतोड झालेली प्राकृत पद्ये शुद्ध करून दोन खंडांत मांडली. हरवलेल्या काव्याचा माग इतक्या चिकाटीने काढणारे संशोधक थोडे.

तरीही वाशीम जिल्ह्याचे खरे धन ताम्रपटात नाही. ते कारंजा (लाड) इथे, रुमालात बांधून ठेवलेल्या पोथ्यांत आहे.

कारंजा हे दत्तभक्तांना नृसिंहसरस्वतींचे जन्मस्थान म्हणून ठाऊक आहे. पण याच गावात बलात्कारगण आणि सेनगण या दिगंबर जैन भट्टारकपरंपरांच्या गाद्या होत्या, काष्ठासंघाचेही मंदिर आहे आणि तिन्ही ठिकाणी ग्रंथभांडारे जमली. भट्टारक म्हणजे मठाधीश, गुरू आणि ग्रंथपालही. कुणा श्रावकाच्या घरी व्रताचे उद्यापन झाले की शास्त्रदान म्हणून एखादा ग्रंथ उतरवून घ्यायचा आणि भांडाराला अर्पण करायचा, ही रीत. नक्कल पुरी झाली की शेवटी प्रशस्ती यायची : साल, गाव, गुरुपरंपरा, दात्याचे कुळ. या पद्धतीने काही शतके ग्रंथ साठत गेले आणि त्यात प्राकृतानंतरच्या अपभ्रंश भाषेचे असे ग्रंथ टिकले की जे युरोपातील पंडितांना नावानेसुद्धा माहीत नव्हते.

त्याचे महत्त्व समजायला तेव्हाची स्थिती डोळ्यांपुढे आणावी लागते. रिचर्ड पिशेलचे प्राकृत व्याकरण १९०० साली निघाले. अपभ्रंशासाठी त्याच्या हाताशी होते ते मुख्यतः हेमचंद्राच्या व्याकरणातील दोहे आणि इकडची तिकडची फुटकळ पद्ये. हर्मान याकोबीला १९१४ साली अहमदाबादेत ‘भविसत्तकहा’ मिळाली आणि १९१८ मध्ये त्याने ती छापली. बडोद्याच्या आवृत्तीसाठी पां. दा. गुणे यांनी याच ग्रंथावर जीव ओतला. ती आवृत्ती १९२३ साली निघाली, तेव्हा गुणे हयात नव्हते. मोठा अपभ्रंश ग्रंथ म्हणून तोवर मुख्यतः हाच जगापुढे आला होता.

मग कारंजाची कपाटे उघडली. मध्यप्रांत आणि वऱ्हाडातील संस्कृत-प्राकृत हस्तलिखितांची रायबहादूर हिरालाल यांनी तयार केलेली सूची १९२६ साली नागपुरातून प्रसिद्ध झाली. तिच्यात कारंजाचे ग्रंथ आले आणि अभ्यासकांना कळले की वऱ्हाडातल्या एका कापूसबाजाराच्या गावी पुष्पदंत आणि कनकामर हे अपभ्रंश कवी वाट पाहत बसले आहेत. इथे दोन हिरालालांची गल्लत आजही छापून येते. रायबहादूर वेगळे आणि अमरावतीच्या किंग एडवर्ड कॉलेजातील संस्कृतचे प्राध्यापक हिरालाल जैन वेगळे. पोथ्यांना खरे बोलते केले ते या दुसऱ्यांनी. अमरावतीहून यायचे तर मूर्तिजापूरला गाडी बदलून अरुंद रुळांच्या, पुढे ‘शकुंतला’ म्हणून गाजलेल्या आगगाडीने कारंजा गाठायचे. कापूस वाहून नेण्यासाठी घातलेल्या त्या रुळांनी विद्येचीही सोय केली.

१९३१ साली प. ल. वैद्य यांनी संपादित केलेले ‘जसहरचरिउ’ कारंजातून निघाले. पाठोपाठ हिरालाल जैन यांनी ‘सावयधम्मदोहा’, ‘पाहुडदोहा’, ‘णायकुमारचरिउ’ आणि १९३४ मध्ये ‘करकंडचरिउ’ सिद्ध केले. कापूसबाजाराच्या गावातून, श्रावकांच्या देणगीवर, चार वर्षांत पाच अपभ्रंश ग्रंथ! तेही पाठभेद, शब्दसूची आणि प्रस्तावनेसह. जर्मनीत लुडविग आल्सडोर्फ १९३६ साली पुष्पदंताचा हरिवंशाचा भाग छापत होता, तेव्हा कारंजा त्याच्या बरोबरीने उभे होते. कोल्हापूरला आ. ने. उपाध्ये, मुंबईला अपभ्रंश छंदांचा शोध घेणारे ह. दा. वेलणकर, आणि इकडे वऱ्हाड, असा तो त्रिकोण होता.

‘करकंडचरिउ’ची गोष्ट तर मराठी वाचकाच्या घरचीच. करकंड राजा तेरापूरजवळची लेणी पाहतो, तिथे नवी लेणी खोदवतो, असे कनकामर सांगतो. ही लेणी म्हणजे धाराशिवजवळची जैन लेणी आणि तेरापूर म्हणजे तेर, हे हिरालाल जैन यांनी काव्यातील वर्णन आणि प्रत्यक्ष जागा ताडून दाखवले. काव्य, भूगोल आणि पुरातत्त्व एकाच टेबलावर मांडण्याची ही हातोटी आज कुठल्या विभागात शिकवतात?

हिरालाल जैन इथेच थांबले नाहीत. मूडबिद्रीच्या ताडपत्रांवर शतकानुशतके जपलेल्या ‘षट्खंडागम’ या दिगंबर जैन ग्रंथाच्या धवला टीकेचा पहिला खंड १९३९ साली अमरावतीहून निघाला. त्यासाठी अमरावती, आरा आणि कारंजा इथल्या नकला ताडल्या गेल्या. पुढे सोळा खंड पुरे झाले. ज्या साली वाशीमचा ताम्रपट सापडला, त्याच साली धवलाचा पहिला खंड निघाला. ताम्रपटाची आठवण निघते, धवलाची निघत नाही.

याचे कारण उघड आहे. मराठीची कुळकथा सांगणारा एक वर्ग ‘गाथासप्तशती’वरून उडी मारतो तो थेट ‘लीळाचरित्र’ आणि ‘ज्ञानेश्वरी’वर उतरतो. मधल्या शतकांत काय झाले, असे विचारले तर अपभ्रंश हा ‘जैनांचा विषय’ म्हणून बाजूला सारतो. दुसरा वर्ग तो हिंदी-गुजरातीच्या खात्यावर मांडून मोकळा होतो. दोन्ही भूमिका चुकीच्या आहेत. पुष्पदंताने ‘महापुराण’ ९६५ साली पुरे केले ते मान्यखेटात, म्हणजे राष्ट्रकूटांच्या राजधानीत. त्या वेळी महाराष्ट्राचा मोठा भाग त्याच सत्तेखाली होता. संस्कृत आणि जुन्या प्राकृत काव्यात अंत्ययमक हा नियम नव्हता, अपभ्रंशात तो झाला, आणि आपली ओवी यमकावाचून उभी राहत नाही. ग. वा. तगारे यांनी १९४८ साली अपभ्रंशाचे ऐतिहासिक व्याकरण लिहिताना पश्चिम, दक्षिण आणि पूर्व असे प्रदेशभेद मांडून दक्षिणेची बाजू नीट दाखवली होती. तो ग्रंथ आज किती मराठी विभागांत उघडला जातो?

हीच उपेक्षा जिल्ह्यातील दुसऱ्या मोठ्या जैन स्थानाच्या, शिरपूरच्या अंतरिक्ष पार्श्वनाथाच्या, वाट्याला आली. चौदाव्या शतकात जिनप्रभसूरींनी ‘विविधतीर्थकल्पा’त त्याच्यावर स्वतंत्र प्रकरण लिहिले. अलीकडच्या पिढीला मात्र ते दोन पंथांच्या कोर्टकज्ज्यामुळेच माहीत झाले.

३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात दर्जा मिळाला. त्याच निर्णयात प्राकृत आणि पालीही होत्या. आनंद व्हायलाच हवा होता, तो झाला, ढोल वाजले. पण प्राकृत वाचू शकणारा मराठीचा प्राध्यापक शोधायला निघावे तर जिल्हेच्या जिल्हे ओलांडावे लागतात. पडिमात्रा, म्हणजे अक्षराच्या आधी काढलेली मात्रा, लावलेली जुनी नागरी वाचणारे डोळे कमी होत चालले आहेत. पोथीचे पान स्कॅन केले की काम झाले, असा समज पसरला आहे. स्कॅन आवश्यकच आहे, परंतु पाठ लावायला माणूस लागतो आणि तो घडायला दहा वर्षे लागतात. वैद्य, जैन, उपाध्ये, वेलणकर यांच्या मागे असे शिष्य पुरेशा संख्येने उभे राहिले नाहीत, ही या क्षेत्राची मोठी हानी आहे.

सन्माननीय अपवाद विद्याधर जोहरापूरकरांचा. त्यांच्या ‘भट्टारक संप्रदाय’ (१९५८) या ग्रंथाने पोथ्यांच्या प्रशस्ती आणि मूर्तिलेख एकत्र करून भट्टारकांच्या गाद्यांची परंपरा लावून दिली, त्यात कारंजाही आले. धर्म, व्यापार, जातींची स्थलांतरे, जुनी मराठी जैन रचना यांचा धागा त्या चार-दोन ओळींच्या प्रशस्तींतूनच हाती येतो. १९२६ च्या सूचीला २०२६ साली शंभर वर्षे होतात. केंद्राने २०२५ च्या अर्थसंकल्पात हस्तलिखितांसाठी ‘ज्ञान भारतम्’ची घोषणा केली आहे. त्या योजनेतून कारंजाच्या तिन्ही भांडारांची प्रत्येक प्रशस्तीसह, पानांच्या मोजमापासह, लिपिकारांच्या नावांसह नवी वर्णनात्मक सूची व्हावी आणि ती करणारी मुले वाशीम-अमरावतीकडचीच असावीत.