काच घडते ती निवताना

टेबलावर मावणारी विजेची भट्टी आणि भाजलेल्या मातीचा, म्हणजेच सिरॅमिकचा साचा, एवढ्या सामग्रीवर काचेचे लोलक आणि कर्णफुले घडविणारे हौशी कारागीर आज अनेक देशांत आहेत. मात्र नवशिक्यांचा तुकडा तडकला, की दोष भट्टीच्या आचेला दिला जातो. वस्तुतः काच बहुधा तापताना नव्हे, तर निवताना दगा देते.

हे तंत्र नवे नाही. प्राचीन इजिप्तमध्ये साच्यातून काचेचे ताईत घडविले जात. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस फ्रेंच शिल्पकार आंरी क्रो याने काचेच्या चुऱ्यातून शिल्पे घडविण्याच्या कलेला नवजीवन दिले. या कामातील प्लास्टरचे साचे एकदा वापरून फोडावे लागतात. सिरॅमिकचा साचा जपल्यास पुन्हा पुन्हा उपयोगी पडतो.

प्रथम साच्यात किती पाणी मावते, ते मोजतात. काच पाण्याच्या सुमारे अडीचपट जड असल्याने १० ग्रॅम पाण्याच्या जागी २५ ग्रॅम चुरा लागतो. ओला साचा भट्टीत तडकू शकतो, म्हणून तो पूर्ण वाळवावा लागतो. मऊ झालेली काच मातीला चिकटू नये, यासाठी केओलिन व अ‍ॅल्युमिना यांचा लेप देतात. लेप वाळल्यावर चुरा शिगेपर्यंत भरतात. कणांमधील पोकळी वितळताना भरून निघते. बारीक चुऱ्यात हवेचे बुडबुडे अडकून काच धूसर होते, जाड कणांची अधिक पारदर्शक.

साधारण ७८० ते ८०० अंश सेल्सिअसला काच मऊ होऊन साच्यात बसते. खरी परीक्षा पुढे असते. पृष्ठभाग आतल्या भागाआधी निवला, तर काचेत ताण साठतो. तो निघून जावा म्हणून तापमान ४८० ते ५१५ अंशांच्या दरम्यान, काचेच्या प्रकारानुसार, काही काळ स्थिर ठेवून मग सावकाश उतरवितात. याला अनुशीतन म्हणतात. ही पायरी टाळलेला तुकडा काही आठवड्यांनीही तडकू शकतो.

निवताना काच सिरॅमिकपेक्षा अधिक आकसते. त्यामुळे उतरत्या कडांच्या साच्यातून ती अलगद सुटते. मात्र दोरा ओवण्याच्या छिद्रासाठी मधोमध खुंट असेल, तर काच त्यालाच आवळून धरते. म्हणून तेथे लेप काळजीपूर्वक द्यावा लागतो.

घरातील फुटक्या बाटल्या आणि बांगड्या एकत्र वितळविण्याचा मोह मात्र टाळावा. या कामासाठी मिळणाऱ्या काचेवर ९० किंवा ९६ असा अंक असतो. तापमान एक अंशाने वाढल्यास लांबीच्या एक कोटी भागांमागे इतके भाग वाढतात, असा त्याचा अर्थ. वेगवेगळ्या गतीने आकसणाऱ्या काचा एकमेकींना ओढतात आणि जोड फुटतो.

काचेची आणि लेपाची धूळ श्वासावाटे फुप्फुसात जाणे अपायकारक असल्याने योग्य मुखपट्टी अत्यावश्यक आहे. तितकाच आवश्यक आहे तो संयम. भट्टी पूर्ण निवेपर्यंत झाकण उघडायचे नाही, हा नियम पाळणाऱ्याच्याच हाती दागिना अखंड येतो.