साधं पान, सडेतोड मत

माझ्या वैयक्तिक संकेतस्थळावर पांढऱ्या पानावर काळी अक्षरं आहेत. चार लेख, सात कविता, दोन ओळींची ओळख आणि ईमेलचा पत्ता, बस्स. मंडळातल्या मैत्रिणी विचारतात, "एवढं ओकंबोकं का ठेवलंयस?" त्याचं उत्तर इथे देते.

पहिलं कारण वजनाचं. यूटीएफ-८ या पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट जागा घेतं, आणि काना-मात्रा ही वेगळी चिन्हं धरतात. तरीही अडीच हजार चिन्हांचा लेख साडेसात केबीत मावतो. मोबाइलच्या तीन एमबीच्या एका फोटोच्या जागेत असे चारशे लेख बसतील! पावसाळ्यात खानापूरकडच्या गावांत रेंज एका काडीवर आली तरी असं पान उघडतं.

जगातलं पहिलं संकेतस्थळही असंच होतं. जिनिव्हाजवळच्या सर्न या संशोधन संस्थेत टिम बर्नर्स-ली यांनी ते बनवलं, आणि १९९१ मध्ये ते सर्वांना खुलं झालं. नुसता मजकूर आणि दुवे. त्याची प्रत आजच्या मोबाइलवरही वाचता येते.

असं पान करायला एचटीएमएलच्या मोजक्या खुणा पुरतात: शीर्षक, परिच्छेद, दुवा. मराठीसाठी दोन गोष्टी मात्र विसरू नका. पानाची भाषा मराठी आहे हे सांगणारी खूण घाला, म्हणजे दृष्टिहीनांसाठी पान वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरला भाषा ओळखता येते. आणि ओळींमध्ये थोडी जास्त जागा सोडा. आपल्या वेलांट्या वर जातात, उकार खाली येतात, त्यांची दाटी होऊ नये.

आता दुसरा भाग. पत्त्याखाली मी लिहिलंय : "आवडलं नाही तर तसंच सांगा. गोड करून सांगू नका." इंटरनेटवर या पद्धतीला 'क्रॉकरचे नियम' म्हणतात. विकिपीडियाच्या सॉफ्टवेअरवर काम केलेले प्रोग्रॅमर ली डॅनियल क्रॉकर यांच्यावरून हे नाव पडलं. नियम सोपा आहे. जो तो जाहीर करतो, तो सांगतो की माझ्याशी बोलताना शब्द मऊ करण्यात वेळ घालवू नका, वाईट वाटलं तर ते माझं मी बघेन. पण ही मोकळीक एकतर्फी आहे. मी नियम जाहीर केला म्हणून मला दुसऱ्याशी फटकळ बोलायचा परवाना मिळत नाही. हा भाग लोक हमखास विसरतात.

आम्हा सीमाभागातल्यांना याची गरज जास्त आहे. इथे कविता वाचली की "मराठीत लिहितेयस हेच खूप" अशी शाबासकी मिळते. त्यामागची माया खरी आहे. पण कवितेचं काय? ती कुणी नीट वाचलीच नाही, तर ती सुधारणार कशी?

थेट बोलणं आणि हिणवणं यांत फरक आहे. "तिसऱ्या कडव्यात आई अचानक कुठून आली?" हा प्रश्न कामाचा, कारण तो ओळीवर बोट ठेवतो. "बेळगावकडच्यांना मराठी येतच नाही" यात कवितेबद्दल काहीच नाही. पहिल्याला मी उत्तर देते, दुसऱ्याला देत नाही.

आणि ऐकून घेणं म्हणजे मान्य करणं नव्हे. माझ्या कथेतल्या संवादातलं 'जेवायलोय' चूक आहे, असं एका वाचकाने कळवलं. मी आभार मानले आणि शब्द तसाच ठेवला. आमच्या घरात माणसं असंच बोलतात, मग कथेतलं माणूस वेगळं कसं बोलेल? पण त्याच पत्रात "शेवट ओढूनताणून आणलाय" असंही होतं. शेवटावर मी आठवडाभर बसले.

तुम्हाला एकदम संकेतस्थळ काढायला नको. या अंकातलं कुठलंही लेखन वाचताना जिथे कंटाळा आला किंवा अर्थ लागला नाही, ती ओळ लिहिणाऱ्याला कळवा, कारणासकट. हवं तर सुरुवात याच लेखापासून करा.